'सूफी' हा तिसरा पंथ नव्हे

ताजबाग दर्ग्याच्या उर्साच्या, म्हणजे संताच्या पुण्यतिथीच्या उत्सवाच्या, दिवसांत हमखास कुणीतरी सांगतं, "मुसलमानांत तीन पंथ: शिया, सुन्नी आणि सूफी." नागपुरात हे मी इतक्यांदा ऐकलंय! पण ते चूक आहे.

शिया-सुन्नी भेदाचं मूळ इ.स. ६३२ मध्ये पैगंबरांच्या निधनानंतर नेतृत्व कुणाकडे जावं, या वादात आहे. सूफी म्हणजे साधनेचा मार्ग. चिश्ती, कादरी ही त्यातल्या गुरुपरंपरांची नावं, आणि त्या मानणारे बहुतेक सुन्नीच असतात. वारकऱ्याला आपण वेगळ्या धर्माचा म्हणतो का? ताजबागेतल्या सूफी संत ताजुद्दीनबाबांच्या (१८६१-१९२५) दर्ग्यावर तर हिंदूही चादर चढवतात.

देवबंदी-बरेलवी या भारतातल्या मुसलमानांमधल्या दोन विचारधारांचंही तसंच. उर्स आणि दर्ग्यांवरच्या रिवाजांवरून त्यांच्यात कडवे मतभेद आहेत, पण दोघेही सुन्नी, दोघेही हनफी, म्हणजे इस्लामी कायद्याची एकच परंपरा मानणारे. देवबंदचा मदरसा १८६६ साली सुरू झाला. त्याचे प्रमुख संस्थापक मौलाना कासिम नानौतवी हे स्वतः हाजी इमदादुल्ला या चिश्ती पीरांचे मुरीद, म्हणजे शिष्य, होते.

भाड्यानं खोली देताना "तुम्ही सूफी ना, मग चालेल" म्हणणारे घरमालक मी पाहिलेत. समोरच्याचा उतरलेला चेहराही पाहिलाय.