लेसर आघाततरंगांमुळे होणारा भंग

लेसरच्या अल्पकाळ टिकणाऱ्या, तीव्र झोतामुळे घन पदार्थात आघाततरंग शिरून आतल्या आत पडणारी फूट. लेसर ज्या बाजूला पडतो तिथे ही फूट सहसा पडत नाही; ती मागच्या पृष्ठाजवळ पडते आणि तिथला पापुद्रा फुगतो किंवा सुटून उडतो. असा भंग बर्ट्राम हॉपकिन्सन यांनी १९१४ मध्ये पोलादी पत्र्यांवर गनकॉटनचा स्फोट करून दाखवला होता.

नमुन्यावर काळी किंवा ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावून तीवर एक-दोन मिलिमीटर पाण्याचा थर सोडतात. पट्टीचा पृष्ठभाग जळून प्लाझ्मा (अतितप्त, विद्युत्भारित वायू) होतो आणि पाणी त्याला पसरू देत नाही, त्यामुळे दाब कित्येक पटींनी वाढतो. १० जूल ऊर्जा १० नॅनोसेकंदांत ४ मिमी व्यासाच्या ठिपक्यावर टाकली, तर तीव्रता दर चौ. सेंमी.ला सुमारे ८ गिगावॉट आणि दाब अंदाजे ४ गिगापास्कल होतो. तीव्रता १० गिगावॉटच्या पुढे नेण्यात फारसा अर्थ नाही: पाण्यातच प्लाझ्मा पेटतो आणि प्रकाश नमुन्यापर्यंत पोहोचत नाही. पट्टीखाली हवेचा बुडबुडा राहिला तर त्या जागी तरंग आत जातच नाही. पट्टीच नसेल तर पृष्ठभाग भाजतो आणि कंपोझिटमधले (रेझिनने बांधलेल्या तंतूंच्या थरांचा पदार्थ) रेझिन जळते.

दाबाचा तरंग मागच्या मोकळ्या पृष्ठावर आदळून ताणाचा तरंग होऊन परततो. झोत संपल्यावर पुढच्या बाजूने निघालेला विमोचन तरंग (दाब उतरवणारा तरंग) त्याला भेटतो तिथे पदार्थ दोन्हीकडून ओढला जातो. ॲल्युमिनियममध्ये ध्वनीचा वेग सेकंदाला ६.४ किमी असल्याने १० नॅनोसेकंदांच्या तरंगाची लांबी जेमतेम ६४ मायक्रॉन भरते. म्हणून पापुद्राही पातळ निघतो. तांबे, ॲल्युमिनियम यांसारख्या तन्य धातूंत आधी सूक्ष्म पोकळ्या होतात, त्या वाढून एकमेकींना मिळतात. या पोकळ्या बहुधा कणसीमांवर (धातूच्या स्फटिककणांच्या सांध्यांवर) किंवा अशुद्धींभोवती सुरू होतात. ठिसूळ पदार्थात थेट भेगा धावतात.

भंगबळ, म्हणजे पदार्थ ज्या ताणाला फुटतो तो ताण, मोजण्यासाठी मागच्या पृष्ठाचा वेग लेसर व्यतिकरणमापकाने नोंदवतात. फूट पडताच वेगाची घसरण थांबून तो पुन्हा चढतो. ही घसरण, घनता आणि ध्वनिवेग यांच्या गुणाकाराची निमपट म्हणजे भंगबळ. ॲल्युमिनियममध्ये सेकंदाला १५० मीटरची घसरण दिसली, तर ते सुमारे १.३ गिगापास्कल येते. शुद्ध, मऊ ॲल्युमिनियम साध्या ताणयंत्रावर १०० मेगापास्कलच्या आतच तुटते. फरक वेळेचा आहे. पोकळ्यांना वाढायला सवडच मिळत नाही. म्हणून झोताचा काळ आणि विरूपणाचा वेग न सांगता दिलेला भंगबळाचा आकडा तुलनेच्या कामाचा नसतो.

कार्बन-एपॉक्सी कंपोझिटमध्ये तंतू शाबूत राहतात; फूट बहुधा दोन थरांमधल्या रेझिनमध्ये किंवा तंतू आणि रेझिन यांच्या सांध्यावर पडते. जाडीच्या दिशेने ध्वनिवेग सुमारे ३ किमी प्रतिसेकंद असतो आणि प्रत्येक थराशी तरंगाचा काही भाग परततो, त्यामुळे वेगाचा आलेख धातूइतका स्वच्छ मिळत नाही. मागचे पृष्ठ प्रकाश नीट परावर्तित करत नसेल तर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा चिकटवतात, पण मग त्याचा आणि गोंदाचा परिणाम गणितात धरावाच लागतो. ठिपका नमुन्याच्या जाडीच्या मानाने लहान असेल तर कडेने निघालेले तरंग मध्यरेषेवर एकत्र येऊन भलत्याच खोलीवर फूट पाडतात. एकमितीय सूत्र तिथे लागू पडत नाही.

विमानांच्या चिकटवलेल्या कंपोझिट सांध्यांची परीक्षा हा याचा सर्वांत उपयोगी वापर. सांधा चिकटलेला दिसतो, स्वनातीत (अल्ट्रासाउंड) तपासणीतही दोष येत नाही, पण बळ नसते. ठरावीक दाबाचा तरंग असा सांधा उघडतो आणि चांगल्याला सोडून देतो. अडचण अशी की एका बाजूच्या झोताने कमाल ताण मागच्या पृष्ठाजवळ येतो आणि सांध्याआधी पत्र्याचेच थर सुटू शकतात. त्यावर दोन्ही बाजूंनी झोत टाकतात. दोन्ही एकाच क्षणी सोडले तर जास्तीत जास्त ताण जाडीच्या मध्यावर पडतो. एक १०० नॅनोसेकंद उशिरा सोडला तर ती जागा सुमारे १५० मायक्रॉन, म्हणजे साधारण एका थराएवढी, आधी सोडलेल्या झोताच्या बाजूला सरकते. झोताआधी आणि नंतर त्याच जागेची स्वनातीत प्रतिमा घेऊन नवी फूट सांध्यात पडली की थरात, हे ठरवतात.