बोटीवर चढण्याआधी वाचा: कागदपत्रं, रांगा आणि केबिनचं कार्ड

मुंबईहून क्रूझवर निघणाऱ्या आमच्या जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबारकडच्या प्रवाशांसाठी हे माहितीपत्रक आहे. सहलीचा कार्यक्रम आणि जेवणाच्या वेळा वेगळ्या कागदावर दिल्या आहेत. बंदराच्या दारापासून केबिनच्या दारापर्यंत काय काय होतं आणि मध्येच हातात पडणारं प्लास्टिकचं कार्ड कोणी कसं सांभाळायचं, एवढंच इथे सांगितलं आहे. ऑफिसात सर्वांत जास्त विचारणा या कार्डाबद्दल होते, म्हणून त्याला जागाही जास्त दिली आहे.

आधी नाव तपासा

देशातल्या देशात, म्हणजे मुंबई-गोवा किंवा मुंबई-लक्षद्वीप अशा फेरीला पासपोर्ट लागत नाही. आधार, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना किंवा पासपोर्ट यांपैकी एक मूळ कागद जवळ हवा. झेरॉक्स किंवा मोबाइलमधला फोटो दाखवून बंदरात वाद घालू नका, तिथल्या जवानाला तो अधिकारच नसतो. नुसत्या पॅनकार्डावर विसंबू नका. लहान मुलांचं आधार नसेल तर जन्मदाखला घ्या.

आपल्याकडे खरी अडचण स्पेलिंगची असते. आधारवर ‘चौधरी’ एका तऱ्हेने लिहिलेलं असतं आणि बुकिंगच्या वेळी मुलाने फोनवरून सांगितलेलं दुसऱ्याच तऱ्हेने. कुठे वडिलांचं नाव मध्ये, कुठे आडनाव आधी, कुठे बाईंचं माहेरचं नाव अजून तसंच. जहाजाच्या यादीतलं नाव आणि हातातला कागद जुळला पाहिजे. तिकीट हातात पडलं की त्याच दिवशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा आणि फरक असेल तर लगेच फोन करा. निघायच्या आठवड्यात दुरुस्ती होईलच अशी हमी आम्ही देत नाही.

वेब चेक-इन, म्हणजे चढण्यापूर्वीची ऑनलाइन नोंदणी, आम्हीच भरतो. त्यासाठी फोटो, ओळखपत्राच्या दोन्ही बाजू, घरी राहणाऱ्या एका माणसाचा फोन नंबर आणि तब्येतीची माहिती लागते. तब्येतीची माहिती खरी द्या. बायपास झाली असेल, इन्सुलिन चालू असेल, चालायला काठी लागत असेल तर सांगण्यात लाज कसली? आधी सांगितलं तर व्हीलचेअर मागवता येते. चोवीस आठवडे पूर्ण झालेल्या गर्भवतींना आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना बहुतेक क्रूझ कंपन्या घेत नाहीत. या नियमात आमची काही ओळख चालत नाही.

टॅक्सीवाल्याला ‘बोट’ म्हणू नका

‘बोटीवर जायचंय’ म्हटलं की मुंबईचा टॅक्सीवाला तुम्हाला गेटवेला नाही तर भाऊच्या धक्क्यावर नेऊन सोडेल. गेटवेहून घारापुरीच्या बोटी सुटतात, भाऊच्या धक्क्याहून मांडव्याची रो-रो. आपलं जहाज लागतं बॅलार्ड पिअरला. म्हणून ‘बॅलार्ड पिअर, क्रूझ टर्मिनल, ग्रीन गेट’ असं स्पष्ट सांगा. सीएसएमटी स्टेशनहून अंतर जेमतेम दोनेक किलोमीटर आहे.

विदर्भ एक्सप्रेसने रात्री जळगाव-भुसावळहून बसलात की सकाळी सीएसएमटीला उतरता. आंघोळ आणि नाश्त्यासाठी स्टेशनजवळ खोल्या घेतलेल्या असतात. ‘त्याच दिवशी पहाटे गाडी काढतो, दुपारपर्यंत पोचतो’ हे धुळ्याच्या मंडळींचं आवडतं गणित आहे. कसारा घाटात एक ट्रक आडवा झाला की ते चुकतं. जहाज संध्याकाळी सुटणार असलं तरी चढण्याचं काउंटर त्याच्या तास-दीड तास आधीच बंद होतं, कारण प्रवाशांची अंतिम यादी सुटण्यापूर्वी पूर्ण करावी लागते. त्यानंतर आलेल्यासाठी शिडी खाली येत नाही आणि पैसेही परत मिळत नाहीत. रेल्वेने या किंवा आदल्या दिवशी या.

बोर्डिंग पासवर जी वेळ छापलेली असेल त्याच वेळी टर्मिनलवर पोचा. लवकर गेलं तर लवकर सोडतील असं नसतं. उन्हात उभं राहावं लागतं, इतकंच.

मोठी बॅग तुमच्याआधी चढते

टर्मिनलच्या दाराशी मोठ्या बॅगा काढून घेतात. आम्ही दिलेला टॅग बॅगेच्या हँडलला आधीच पक्का बांधा, त्यावर नाव आणि केबिन नंबर असतो. बॅग एक्स-रे होऊन थेट केबिनच्या दाराशी येते, पण यायला कधीकधी संध्याकाळ होते. त्यामुळे औषधं, चष्मा, चार्जर, मूळ कागदपत्रं, दागिने, पैसे आणि एक जोडी कपडे खांद्यावरच्या पिशवीत ठेवा. रक्तदाबाच्या गोळ्या मोठ्या बॅगेत आणि बॅग जहाजाच्या पोटात, असं व्हायला नको.

आता काय नेऊ नये ते. इस्त्री, पाणी तापवायचा रॉड, इलेक्ट्रिक किटली, मेणबत्ती, काडेपेटी, उदबत्ती, कापूर: समुद्रात सगळ्यात मोठी भीती आगीची, त्यामुळे हे सगळं बंद. देवपूजेचा रोजचा नेम असलेल्यांनी मूर्ती किंवा फोटो जरूर न्यावा, निरांजन लावता येणार नाही. चाकू, कात्री आणि आमच्या आजोबा मंडळींचा अडकित्ता हे एक्स-रेमध्ये हमखास दिसतं. सुपारी कातरूनच न्या. बाहेरची दारू चालत नाही. घरचं शिजवलेलं अन्नही चालत नाही, तेव्हा भरीत-पुरी आणि कळण्याच्या भाकरी गाडीतच संपवा. बंद पाकिटातल्या कोरड्या खाऊचा नियम जहाजागणिक बदलतो, तो निघण्यापूर्वी कळवू. ठेच्याच्या बरणीबद्दल दर गटात विचारणा होते. बरणी सांडली तर कपड्यांचं काय होईल ते तुम्हीच पाहा.

बॅग रात्रीपर्यंत आली नाही तर बहुतेक वेळा ती सुरक्षा विभागात थांबवलेली असते. कार्ड घेऊन तिकडे जा, स्वतः उघडून दाखवा. एखादी वस्तू काढून घेतली तर पावती मागा आणि उतरताना वस्तू परत मिळेल का ते तिथेच विचारून घ्या.

काउंटरवर कार्ड मिळतं

बंदराची सुरक्षा सीआयएसएफ, म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे आहे. आधी ओळखपत्र आणि बोर्डिंग पास पाहतात, मग हातातल्या पिशवीची आणि अंगाची तपासणी होते, विमानतळावर होते तशीच. पुढे क्रूझ कंपनीचं काउंटर. इथे कागद जुळवतात, प्रत्येकाचा फोटो काढतात आणि कार्ड हातात देतात. काही जहाजांवर कार्ड काउंटरवर न देता केबिनच्या दाराशी पाकिटात ठेवतात. तसं असेल तर चढताना बोर्डिंग पास चालतो. तुमच्या जहाजाची पद्धत कोणती ते निघण्यापूर्वीच्या बैठकीत सांगू.

‘सगळ्यांची कार्डं तुम्हीच एकदम घ्या आणि आम्हाला वाटा,’ असं मंडळी आम्हाला सांगतात. तसं करता येत नाही. फोटो ज्याचा त्याचा लागतो, म्हणून रांगेत प्रत्येकाने उभं राहायला हवं. आमचा माणूस केबिनवार यादी घेऊन काउंटरशेजारी असतो. एका केबिनमधल्यांनी एकत्र उभं राहा. चार भाऊ पुढे, जावा-जावा मागे आणि पोरं तिसरीकडे असं झालं की काउंटरवरच्या मुलीला यादी चार वेळा वरखाली करावी लागते आणि मागची रांग खोळंबते.

कार्ड दिसायला एटीएमसारखं असलं तरी त्याची कामं बरीच आहेत. त्याने केबिनचं दार उघडतं. बऱ्याच केबिनमध्ये दाराशेजारच्या खाचेत ते ठेवल्याशिवाय दिवे लागत नाहीत. जहाजावर रोख चालत नाही, त्यामुळे चहा-कॉफीपासून दुकानातल्या टोपीपर्यंत ज्याचे वेगळे पैसे पडतात ते सगळं त्याच कार्डावर मांडलं जातं. त्यासाठी काउंटरवर तुमचं क्रेडिट कार्ड जोडतात किंवा रोख अनामत घेतात. मुलांच्या कार्डावरची खरेदी बंद करून घ्या, एका वाक्यात होणारं काम आहे.

पण या कार्डाचं सर्वांत महत्त्वाचं काम शिडीवर होतं. चढताना पहारेकरी ते यंत्राला लावतो, टिंग वाजतं आणि त्याच्या पडद्यावर तुमचा फोटो येतो. त्या क्षणी तुम्ही ‘जहाजावर आहात’ अशी नोंद होते. उतरताना पुन्हा टिंग, म्हणजे ‘जहाजावर नाही’. आंतरराष्ट्रीय सागरी सुरक्षा नियमांप्रमाणे, ज्यांना ‘सोलास’ म्हणतात, प्रवासी जहाजाने सुटण्यापूर्वी जहाजावरच्या प्रत्येक माणसाची मोजणी करायची असते. ती मोजणी या टिंगवरून होते. बंदरात उतरून परत आलेल्या एकाची जरी नोंद जुळली नाही तरी त्याचं नाव माइकवर पुकारलं जातं आणि सगळे शोधाशोध करतात.

म्हणूनच आमचा एक आग्रह आहे: ज्याचं कार्ड त्याच्याचकडे. आपल्या एकत्र कुटुंबात घरातले आप्पा लग्नातल्या आहेराच्या पाकिटांसारखी सगळी कार्डं स्वतःच्या खिशात ठेवतात. मग आप्पा जेवायला सातव्या डेकवर, म्हणजे मजल्यावर, जिजी केबिनच्या बंद दारापुढे आणि सून फोन लावतेय, पण समुद्रात रेंज नाही. दोरीचं पाकीट आम्ही प्रत्येकाला देतो, ते गळ्यात घाला. साडीवर शोभत नाही म्हणून पर्समध्ये ठेवलं तरी हरकत नाही, पर्स मात्र स्वतःजवळ असू द्या. केबिनमध्ये कार्ड विसरून दार ओढलं की दार बाहेरून उघडत नाही आणि ‘मनं कार्ड कोठे शे?’ ची सुरुवात होते.

बऱ्याच जहाजांच्या कार्डावर केबिन नंबर छापत नाहीत. कार्ड हरवलं आणि दुसऱ्याच्या हाती पडलं तर त्याला कुठलं दार उघडायचं ते कळू नये, हा त्यामागचा हेतू. तेव्हा नंबर पाठ करा किंवा मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. आधी डेक आणि मग खोली असा तो वाचायचा असतो. लांबच लांब गल्लीत सगळी दारं सारखी दिसतात. तुमची केबिन जहाजाच्या पुढे, मध्ये की मागे आहे एवढं कळलं तरी कोणत्या लिफ्टने जायचं ते ठरतं.

कार्ड हरवलं तर लाजून बसू नका, ताबडतोब रिसेप्शनला जा. ते जुनं बंद करून नवं देतात. कळवेपर्यंत त्यावर झालेला खर्च तुमच्या नावावर पडतो, म्हणून घाई करायची. दार उघडेनासं झालं तरी तिथेच जा. काळ्या पट्टीचं कार्ड मोबाइलच्या चुंबकाच्या कव्हरात ठेवलं की त्यावरची नोंद पुसली जाऊ शकते. यंत्रणा बिघडली अशी तक्रार करण्याआधी कव्हर पाहा.

ड्रिल चुकवू नका

कार्डावर एक अक्षर किंवा आकडा ठळक छापलेला असतो. संकटात जिथे जमायचं त्या जागेची ती खूण, जहाजावर त्या जागेला मस्टर स्टेशन म्हणतात. निघण्यापूर्वी तिथे जमण्याचा सराव, म्हणजे ड्रिल, होतो. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा वाजला की त्या जागी जायचं, लिफ्टने नव्हे, जिन्याने.

‘नाश्ता चाललाय, कशाला जायचं?’ म्हणणारे असतात. त्यांच्यासाठी हे सांगतो. 13 जानेवारी 2012 च्या रात्री ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे जहाज इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आदळलं आणि 32 माणसं गेली. त्या काळी सराव चढल्यापासून चोवीस तासांत घेतला तरी चालायचा. त्याच संध्याकाळी चढलेल्यांचा सराव झालेलाच नव्हता. त्यानंतर नियम बदलला आणि 1 जानेवारी 2015 पासून सराव सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी घेणं बंधनकारक झालं. तिथेही तुमच्या कार्डाची नोंद घेतात. जो येत नाही त्याला हुडकून आणतात, आणि ते बरोबरच आहे.

गोव्याला उतरताना

जहाज मुरगाव बंदरात लागतं. उतरताना कार्ड आणि मूळ ओळखपत्र दोन्ही न्या, कारण बंदराच्या दारावर ओळखपत्र आणि शिडीवर कार्ड विचारतात. परत यायची वेळ शिडीपाशी फलकावर लिहिलेली असते. ती वेळ जहाज सुटण्याची नसते, आपण चढून झालेलं असण्याची असते. मुरगावहून पणजी-म्हापशाकडे गेलात तर परतीच्या वाटेवरची गर्दी धरून चला. आमच्या बसमधून गेलेल्यांना आम्ही आणतो. स्वतंत्र रिक्षा-टॅक्सी केली तर जबाबदारी तुमची.

मोबाइल जहाजावर फ्लाइट मोडवर ठेवा. खोल समुद्रात फोन कधीकधी जहाजाचं उपग्रहावरचं नेटवर्क पकडतो आणि त्याचं बिल परदेशी रोमिंगसारखं येतं.

सिंगापूरच्या गटासाठी

परदेशी क्रूझला पासपोर्टची मुदत परतीनंतर सहा महिने उरलेली हवी. सिंगापूरहून निघून मलेशिया-थायलंड करून पुन्हा सिंगापूरला यायचं असेल तर दुसऱ्यांदा प्रवेश होतो, म्हणून एकापेक्षा जास्त प्रवेशांचा व्हिसा लागतो. सिंगापूरचं अरायव्हल कार्ड पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं असतं, तेही आम्ही भरू. काही जहाजांवर पासपोर्ट स्वतःकडे ठेवून घेतात आणि उतरताना परत देतात. मिळालेली पावती हरवू नका.

शेवटची रात्र

झोपण्यापूर्वी मोठी बॅग रंगीत टॅग लावून दाराबाहेर ठेवायची. सकाळी घालायचे कपडे आणि चपला बाहेर काढून ठेवा, नाहीतर पायजम्यावर मुंबईत उतरावं लागेल. बिलाचा कागद केबिनमध्ये येतो किंवा टीव्हीवर दिसतो. तो रात्रीच वाचा. न घेतलेलं काही मांडलेलं दिसलं तर रात्रीच रिसेप्शनवर जा, सकाळी तिथे मोठी रांग लागते. अनामत रोख भरली असेल तर उरलेले पैसे मागून घ्या. कार्ड शिडीवरच्या शेवटच्या टिंगपर्यंत लागतं, त्याआधी टाकून देऊ नका.

निघण्यापूर्वीच्या रविवारी सकाळी जळगावच्या ऑफिसात बैठक असते. धुळे-नंदुरबारच्या मंडळींसाठी तीच व्हिडिओ कॉलवर घेतो. केबिनमधल्या किमान एकाने तरी हजर राहा आणि सगळ्यांची मूळ ओळखपत्रं समोर ठेवा, आम्ही नावं पुन्हा एकदा यादीशी जुळवतो. बोर्डिंग पास, टॅग आणि दोरीची पाकिटं तिथेच मिळतील.