माणदेशातल्या लेखकांची घरं: थोडी मागची गोष्ट

लेखकाचं गावाकडचं घर म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढं लगेच वाडा येतो, ओसरीवर झोपाळा, परसात आड, आणि लेखक महाशय कंदिलाच्या उजेडात वही घेऊन बसलेत. आमच्या सांगली जिल्ह्यात, त्यातल्या त्यात आटपाडीकडं, म्हणजे माणदेशात, असलं काही शोधायला याल तर हात हलवत परत जाल. आणि गंमत म्हणजे मराठी साहित्य संमेलनाचे तीन अध्यक्ष याच एका तालुक्यातले, ग. दि. माडगूळकर १९७३ ला यवतमाळला, व्यंकटेश माडगूळकर १९८३ ला अंबाजोगाईला आणि शंकरराव खरात १९८४ ला जळगावला. तालुका कसला, तर वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आतच पाऊस पडणारा. सह्याद्रीवर ढग रिकामे होतात, महाबळेश्वर चिंब, आणि आमच्याकडं नुसता वारा. म्हणून तर जुनी घरं सगळी माळवदाची, वर सपाट मातीचं धाबं, उतरतं छप्पर करायला पाऊस पाहिजे ना.

या तिघांच्या घरची भाकरी पिकापेक्षा नोकरीवर आणि वतनावर (म्हणजे पिढीजात गावकामाच्या हक्कावर) जास्त होती, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते, आणि कौतुकाच्या भाषणात नेमकी हीच सुटते.

माडगूळ आणि आटपाडी तेव्हा औंध संस्थानात. संस्थान तरी कसं, सलग नाहीच, ७२ गावं इकडंतिकडं विखुरलेली, मधे मधे इंग्रजांचा मुलूख. गदिमांचे आणि तात्यांचे (व्यंकटेश माडगूळकरांना सगळे तात्याच म्हणायचे) वडील दिगंबरपंत या संस्थानात कारकून. पगार तुटपुंजा, बदल्या ठरलेल्या, त्यामुळं घर कधी माडगुळ्यात तर कधी कुंडलला. गदिमांचा जन्म १ ऑक्टोबर १९१९ चा, आजोळी शेटफळ्याला. मूल मेलेलंच जन्मलं म्हणून पुरायची तयारी झाली होती, आणि सुइणीनं शेवटचा उपाय म्हणून बेंबीजवळ निखारा धरला तेव्हा पोर रडलं, ही हकीकत आमच्या भागात कुणालाही विचारा, सांगतील. वडील नोकरीच्या गावी, आणि भावंडांचा खटला ओढायचा आई बनूताईंनी. त्या जात्यावर ओव्या रचायच्या. गीतरामायणाची ५६ गाणी १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून घरोघर गेली, त्यातली लय कुठनं आली असं कुणी विचारलं तर मी आधी त्या जात्याकडं बोट दाखवीन, संस्कृत काव्याचा नंबर नंतर.

तात्या धाकटे, १९२७ चे. पोरवयातच निंबवड्याला शाळामास्तर झाले, म्हणजे पुन्हा घर सोडून नोकरीच. त्यांच्या बनगरवाडी कादंबरीतला मास्तर धनगरांच्या वस्तीवर जातो ना, ती नजर पाहुण्याची आहे, पण असा पाहुणा की ज्याला हुलग्याचं माडगं आणि मेंढराचा वास दोन्ही माहिती आहे.

आता त्याच संस्थानातलं, त्याच आटपाडीतलं दुसरं घर बघा. शंकरराव खरातांचा जन्म १९२१ चा, महारवाड्यात. वडिलांकडं तराळकी. म्हणजे काय, तर चावडीवर हजर राहायचं, गावात सांगावे पोचवायचे, सरकारी माणूस आला की त्याच्या मागं धावायचं, लाकडं फोडायची, मेलेलं जनावर ओढायचं. रात्र आहे, पाऊस आहे, ताप आहे, काही चालत नाही, हाक आली की निघायचं. बदल्यात खळ्यावरचं बलुतं, म्हणजे धान्यातला वाटा, आणि दारोदार मागून आणलेली भाकरी. कागदावर याचंही नाव वतनच! दिगंबरपंत कारकून म्हणून ज्या कारभाराचे कागद लिहीत, त्याच कारभाराचे निरोप घेऊन तराळ पळायचा. खरातांचं आत्मचरित्र तराळ-अंतराळ आणि माडगूळकरांच्या आठवणी एकापाठोपाठ वाचल्या तर गाव एकच आहे हे पटायला वेळ लागतो. मला विचाराल तर शाळेत दोन्ही शेजारी शेजारी लावायला पाहिजेत, पण लावणार कोण.

आणि जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, वारणेकडं, वाटेगावला अण्णाभाऊ साठे, १९२० चे. तिथं पाणी होतं, ऊस नंतर आला, पण मांगवाड्याला त्याचं काय. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्यामुळं माणसांना हजेरी द्यावी लागायची, म्हणजे स्वतःच्या घरात झोपायचं तेही सरकारच्या नोंदीत. १९३१ च्या सुमारास हे कुटुंब चालत मुंबईला गेलं. त्यांच्या गावाकडच्या घराची गोष्ट तशी तिथंच तुटते, फकिरा ही कादंबरी लिहिली ती मुंबईत राहून.

औंधच्या राजानं १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्यानं कारभार गावपंचायतींकडं दिला, आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली कैदी वसाहत काढली. हा मोठाच प्रयोग, त्यावरूनच पुढं दो आँखें बारह हाथ हा सिनेमा आला १९५७ ला, कथा गदिमांची. पण ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींचा खून झाला आणि सातारा, सांगली, कोल्हापूरकडं ब्राह्मणांची घरं पेटली. माडगुळ्याचं घरही त्यात गेलं. तात्यांनी वावटळ कादंबरीमध्ये त्या दिवसांवर लिहिलंय आणि त्यात सूडाचा सूर नाही, मला तरी ते त्यांचं सगळ्यात अवघड लेखन वाटतं. त्याच वर्षी मार्चमध्ये संस्थानही विलीन झालं, १९४९ ला आटपाडी दक्षिण साताऱ्यात आली, आणि १९६० ला त्याचंच सांगली झालं.

गदिमा तोवर सिनेमात रुळलेले, पुढं पुण्यात पंचवटी बंगला. तरी गाव सुटलं नाही, मळ्यात पत्र्याची एक खोली होती, तिला लोक बामणाचा पत्रा म्हणायचे, तिथं येऊन राहायचे आणि लिहायचे. उन्हाळ्यात पत्र्याखाली बसून लिहून दाखवा एकदा, मग कळेल.

तराळकी वगैरे कनिष्ठ वतनं कायद्यानं रद्द व्हायला १९५८ साल उजाडलं. खरात तेव्हा पुण्यात वकिली करत होते.