८० टक्के सीपीयू, पण कोणत्या वेगाने?

जुन्या लॅपटॉपवर साधा व्हिडिओ चालू होता आणि टॉपमध्ये (कोणता प्रोग्राम किती सीपीयू वापरतो ते दाखवणारं लिनक्सचं साधन) प्लेअरपुढे ८० टक्के दिसत होते. पहिला संशय प्लेअरवरच गेला. मग प्रोसेसरचं घड्याळ, म्हणजे त्याचा वेग, बघितलं: चारही कोअर (प्रोसेसरमधली काम करणारी एककं) ८०० मेगाहर्ट्झला चिकटलेले! प्रोसेसर ३२०० पर्यंत जाणारा. गव्हर्नर (वेग किती ठेवायचा ते ठरवणारी सेटिंग) बदलल्यावर तोच व्हिडिओ विशीत आला. प्लेअर निर्दोष सुटला.

टक्का आणि फ्रिक्वेन्सी यांची गल्लत होते ती इथेच. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, प्रत्येक कोअरचा वेळ मोजत असतो: इतका यूझरच्या कामात, इतका सिस्टिमच्या, इतका रिकामा. हे आकडे प्रॉक या कर्नलच्या फोल्डरमधल्या स्टॅट फाइलीत बूट झाल्यापासून वाढत राहतात. टॉप ती फाइल थोड्या थोड्या वेळाने वाचतो आणि दोन वाचनांमधल्या फरकावरून टक्के काढतो. म्हणजे टक्का हा निव्वळ वेळेचा हिशेब. त्या वेळात कोअर धावत होता की रांगत होता, हे त्या आकड्यात कुठेच नसतं.

गंमत म्हणजे रॅममधून डेटा यायची वाट बघत कोअर अडकून पडला, तरी तो वेळ कामातच धरला जातो. डिस्कसाठी थांबलेली प्रोसेस मात्र झोपवली जाते, तो वेळ कामात येत नाही. म्हणून वेग चौपट केला की टक्का बरोबर पावपट होईलच असं नाही. रॅम काही चौपट वेगाने धावत नाही.

घड्याळाचा कारभार कर्नलमधल्या सीपीयूफ्रेक या भागाकडे, आणि वेग किती ठेवायचा हे ठरवतो गव्हर्नर. परफॉर्मन्स वरच्या मर्यादेला जातो, शेड्यूटिल (२०१६ पासून, कर्नल ४.७) शेड्यूलरला (कोणतं काम कधी चालवायचं ते ठरवणारा कर्नलचा भाग) विचारून वेग ठरवतो. खरा घोळ पॉवरसेव्ह या गव्हर्नरचा. प्रोसेसरचा वेग प्रत्यक्ष बदलणारा ड्रायव्हर एसीपीआय-सीपीयूफ्रेक असेल तर पॉवरसेव्ह म्हणजे किमान वेग, काम कितीही असो. माझ्या लॅपटॉपवर हेच झालं होतं. इंटेल-पीस्टेट ड्रायव्हर ॲक्टिव्ह मोडमध्ये असेल तर त्याच नावाखाली वेग कामाप्रमाणे वरखाली होतो. एकाच नावाचे दोन स्वभाव! त्यामुळे ‘पॉवरसेव्ह काढून टाका’ हा सल्ला मानण्याआधी ड्रायव्हर कोणता ते बघा.

दोन्ही आकडे शेजारी हवे असतील तर टॉप सोडून टर्बोस्टॅट हा प्रोग्राम चालवा (रूट, म्हणजे ॲडमिनचे अधिकार लागतात; प्रोसेसर इंटेल किंवा एएमडीचा). त्यात कोअर किती टक्के वेळ जागा होता, जागा असताना किती मेगाहर्ट्झवर होता आणि दोन्ही मिळून सरासरी किती, असे तीन रकाने येतात. उदाहरणार्थ २५ टक्के वेळ, ३२०० मेगाहर्ट्झ, सरासरी ८००. ८०० ला चिकटलेल्या माझ्या लॅपटॉपवर पूर्ण १०० टक्के वेळ राबूनही सरासरी तेवढीच आली असती.