कुंभारीण अळीची कुंभारीण करत नाही

पाऊस ओसरला की आमच्या गुहागरच्या पडवीत वाशावर कुंभारीण माशी हजर. जबड्यात चिखलाची इवली गोळी धरून गुणगुणत घर लिंपते. आजी लाडाने म्हणायची, ‘आलीस गो बाय?’

तीच सांगायची, ही अळीला कोंडते, सतत गुणगुणते आणि अळीची कुंभारीण होते. ‘भ्रमर-कीट न्याय’ म्हणून जुना दृष्टांत देतात, तो हाच. पण तसं घडत नाही. कुंभारीण डंख मारून अळीला फक्त लुळी करते, म्हणजे शिधा ताजा राहतो. (काही जाती कोळी भरतात.) सोबत तिचं अंडं असतं. त्यातून निघालेलं पिल्लू तो शिधा खाऊन वाढतं, कोश करतं आणि पंख फुटले की माती कुरतडून बाहेर येतं. अळी संपलेली असते. माणसाला मात्र ती, हातात पकडल्याशिवाय, सहसा डसत नाही.