जोडीदाराची पारख: सारा पेलिन आणि त्यांच्याआधीचे

२९ ऑगस्ट २००८ रोजी ओहायो राज्यातल्या डेटन शहरात रिपब्लिकन पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार जॉन मॅकेन यांनी उपाध्यक्षपदासाठी सारा पेलिन यांचं नाव जाहीर केलं. मॅकेन त्याच दिवशी ७२ वर्षांचे झाले होते, आणि त्वचेच्या कर्करोगाचं दुखणं त्यांनी आधीच भोगलेलं होतं. पेलिन ४४ वर्षांच्या. अलास्काच्या गव्हर्नर होऊन त्यांना दोन वर्षंही झाली नव्हती. त्याआधी त्या दहा हजारांहून कमी वस्तीच्या वासिला गावाच्या महापौर होत्या. देशातल्या बहुतेकांनी हे नाव त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकलं, आणि लगेच प्रश्न सुरू झाला: उद्या मॅकेन यांचं काही बरंवाईट झालं तर?

आपल्याकडे बसून या प्रश्नाची धार पटकन लक्षात येत नाही. १९६९ मध्ये झाकिर हुसेन यांचं निधन झालं, तेव्हा उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी हंगामी राष्ट्रपती झाले आणि काही महिन्यांत नव्याने निवडणूक झाली. अमेरिकेत तशी सोय नाही. अध्यक्ष गेला की उरलेला सगळा कार्यकाळ उपाध्यक्षाचा, सैन्याच्या हुकमासकट. २००८ पर्यंत हे नऊ वेळा घडलं होतं: आठदा अध्यक्षाच्या मृत्यूमुळे, एकदा निक्सन यांच्या राजीनाम्यामुळे.

त्या नवांपैकी चेस्टर आर्थर यांची गोष्ट मला सर्वांत जास्त महत्त्वाची वाटते. १८८० पर्यंत आर्थर कुठलीही निवडणूक लढवून निवडून आलेले नव्हते. न्यूयॉर्क बंदराच्या जकात कचेरीचे ते प्रमुख होते. पक्षाची माणसं सरकारी नोकरीत चिकटवण्याचं ते मोठं ठिकाण, आणि १८७८ मध्ये अध्यक्ष हेज यांनी त्यांना तिथून हटवलं होतं. तरीही न्यूयॉर्कच्या नाराज गटाची समजूत काढायची म्हणून अध्यक्षपदाचे उमेदवार जेम्स गारफिल्ड यांच्या जोडीला त्यांना उपाध्यक्षपदाचं तिकीट मिळालं आणि दोघं निवडूनही आले. २ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकावर गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. मारेकरी ओरडून सांगत होता की आता आर्थर अध्यक्ष होणार. गारफिल्ड अडीच महिने झुंजत राहिले आणि तेवढे दिवस देश आर्थर यांच्याकडे संशयाने आणि भीतीने पाहत राहिला. जुलिया सँड नावाच्या एका आजारी तरुणीने त्यांना पत्र लिहिलं. लोक दुःखात बुडालेत ते गारफिल्ड मरणार म्हणून तितकं नाही, जितकं त्यांच्या जागी तुम्ही येणार म्हणून, असं तिने स्पष्ट कळवलं. आणि त्याच पत्रात, सुधारा, असं आर्जवही केलं. आर्थर यांनी तिची पत्रं जपून ठेवली, पुढे तिला भेटायलाही गेले. १८८३ मध्ये सरकारी नोकऱ्या परीक्षा घेऊन देण्याच्या कायद्यावर सही केली ती याच आर्थर यांनी.

त्या काळी उपाध्यक्षपदाचं नाव पक्षाच्या अधिवेशनात पुढारी ठरवायचे, त्यामुळे बोल लागायचा तो पुढाऱ्यांना. १९४० मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी हट्टाने हेन्री वॉलेस यांना घ्यायला लावलं आणि हळूहळू ही निवड उमेदवाराची स्वतःची झाली. माझ्या मते खरा बदल इथे झाला. जोडीदार कच्चा निघाला, तर लोक निवडणाऱ्याची पारख तपासू लागले.

१९७२ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार जॉर्ज मॅकगव्हर्न यांनी घाईत सेनेटर थॉमस ईगलटन यांना घेतलं. ईगलटन यांनी नैराश्यावर विजेच्या झटक्यांचे उपचार घेतल्याचं उघड झालं. मॅकगव्हर्न आधी म्हणाले, मी हजार टक्के त्यांच्या पाठीशी आहे. आणि अठराव्या दिवशी त्यांना बाजूला केलं. आजाराची लाज वाटावी असं त्यात काही नव्हतं. मॅकगव्हर्न यांचा शब्द मात्र फिरला. निवडणुकीत त्यांच्या वाट्याला एक राज्य आणि राजधानी एवढंच आलं.

१९८८ मध्ये थोरल्या बुश यांनी ४१ वर्षांचे सेनेटर डॅन क्वेल निवडले. वादसभेत क्वेल यांनी आपला अनुभव केनेडींच्या अनुभवाच्या पंगतीला बसवला, तेव्हा समोरचे डेमोक्रॅटिक उपाध्यक्षपदाचे उमेदवार लॉइड बेंटसन यांनी, तुम्ही केनेडी नव्हेत, असं तोंडावर सुनावलं. बुश ४० राज्यं जिंकले. पण काळजी मिटली नाही. मे १९९१ मध्ये धावताना बुश यांच्या हृदयाचे ठोके अनियमित झाले आणि देशभर पुन्हा क्वेल यांचीच चर्चा.

पेलिन यांच्या वेळी हा सगळा इतिहास लोकांच्या डोळ्यांसमोर होता. ३ सप्टेंबरचं अधिवेशनातलं त्यांचं भाषण पावणेचार कोटींच्या आसपास लोकांनी पाहिलं. पक्षाचे कार्यकर्ते उसळून उठले, आणि मॅकेन काही जनमत पाहण्यांत पुढेही गेले. मग १५ सप्टेंबरला लेहमन ब्रदर्स ही मोठी बँक बुडाली आणि महिना संपता संपता टीव्ही पत्रकार केटी कुरिक यांनी घेतलेल्या मुलाखतीत, कुठली वर्तमानपत्रं वाचता, या साध्या प्रश्नालाही पेलिन यांना एक नाव सांगता आलं नाही.

त्यांच्यावर अन्यायही झाला. ‘माझ्या घरातून रशिया दिसतो’ हे वाक्य त्यांचं नव्हेच; ते त्यांची नक्कल करणाऱ्या अभिनेत्रीचं. अलास्कातल्या एका बेटावरून रशिया दिसतो, एवढंच त्या म्हणाल्या होत्या, आणि ते खरं आहे. पाच मुलांची आई हे पद कसं सांभाळणार, असा प्रश्न त्यांच्याबद्दल झाला; डेमोक्रॅटिक पक्षाचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार जो बायडन यांना मुलांवरून तसं कुणी विचारलं नाही, कारण पुरुषाला ते कुणी विचारतच नाही. पण तयारीचा प्रश्न रास्त होता. २ ऑक्टोबरला बायडन यांच्याशी झालेली त्यांची वादसभा सुमारे सात कोटी लोकांनी पाहिली. त्या वर्षी ओबामा-मॅकेन वादसभांनाही इतके प्रेक्षक मिळाले नाहीत.

४ नोव्हेंबरला मतदान करून बाहेर पडणाऱ्यांना विचारण्यात आलं, वेळ आली तर पेलिन अध्यक्षपद सांभाळू शकतील का? दहांतले सहा जण नाही म्हणाले.