पत्ता कुणाच्या नावावर? समाजमाध्यमांकडून स्वतःच्या संकेतस्थळाकडे

एखादा चित्रकार, लेखक किंवा संगीतकार इन्स्टाग्राम वा एक्सवरचं (पूर्वीच्या ट्विटरवरचं) खातं बंद करून स्वतःच्या संकेतस्थळावर जातो, तेव्हा बाहेरून पाहणाऱ्याला तो वैताग वाटतो. मागचा इतिहास पाहिला तर तो सरळ व्यवहार आहे. गेल्या तीस वर्षांत निर्मात्यांची कामं बुडाली, पण त्याहून जास्त वेळा बुडाली ती वाचकापर्यंतची वाट. ती बुडाली, कारण पत्ता दुसऱ्याच्या मालकीचा होता.

१९९४ साली सुरू झालेल्या जिओसिटीजने सामान्य माणसाला फुकट होमपेज दिलं. पत्ता मात्र जिओसिटीजच्या नावाखालीच. १९९९मध्ये याहूने ती कंपनी विकत घेतली आणि ऑक्टोबर २००९मध्ये सेवा बंद केली. स्वयंसेवकांनी बरीच पानं उतरवून ठेवली, पण त्या पानांकडे येणारे जगभरातले दुवे एका दिवसात मेले. याउलट अमेरिकेतले जेसन कोटके १९९८पासून कोटके डॉट ऑर्ग हा ब्लॉग चालवत आहेत. २००५मध्ये त्यांनी नोकरी सोडून वाचकांच्या वर्गणीवर ते चालवून पाहिलं, २०१६पासून रीतसर सभासदत्व सुरू केलं. संकेतस्थळाचं रूप अनेकदा बदललं, पत्ता तोच राहिला.

मराठीत अडचण वेगळी होती. मायबोली हे मराठी संकेतस्थळ १९९६पासून आहे, पण त्या काळी देवनागरी वाचायला खास फाँट उतरवावा लागे आणि एका फाँटमधला मजकूर दुसऱ्यात निरर्थक दिसे. युनिकोड या सगळ्या लिप्यांच्या सामाईक संकेतपद्धतीत देवनागरी १९९१पासून होती, तरी घरच्या संगणकावर ती नीट दिसू लागली ती विंडोज २००० आणि एक्सपी आल्यावर. मग मराठी ब्लॉग फुलले ते मोठ्या प्रमाणावर ब्लॉगस्पॉटवर, म्हणजे गूगलच्या पत्त्यावर. तिथे स्वतःचं डोमेन, म्हणजे संकेतस्थळासाठी आपल्या मालकीचं नाव, जोडायची सोय पुढे आली, पण ती थोड्यांनीच वापरली. गप्पांसाठी ऑर्कुट होतं, ते ३० सप्टेंबर २०१४ला बंद झालं. सर्वांत मोठा धक्का २९ जून २०२०चा. केंद्र सरकारने ५९ अ‍ॅप्सवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होतं. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून तिथे नाव कमावलेल्या निर्मात्यांचे व्हिडिओ त्यांच्या फोनमध्ये असतीलही, पण प्रेक्षकांची यादी कुणाच्याच हाती नव्हती.

वाट हातची जाण्याला आणखी एक कारण होतं. १९९९मध्ये नेटस्केपने आणलेल्या आरएसएसमुळे वाचक कुठेही नावनोंदणी न करता संकेतस्थळावरचं नवं लेखन आपल्या रीडरमध्ये, म्हणजे ते एकत्र आणून दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, मिळवू शकत होता. क्रम तारखेचा, गाळणी वाचकाची. २००५मध्ये आलेला गूगल रीडर अनेकांचा मुख्य आधार झाला आणि १ जुलै २०१३ला गूगलने तो बंद केला. आरएसएस मेलं नाही, पॉडकास्ट आजही त्यावरच चालतात. पण वाचकांची सवय मोडली आणि ती जागा फेसबुक-ट्विटरने घेतली. त्यांचेही नियम बदलत गेले. इन्स्टाग्रामने २०१६मध्ये तारखेचा क्रम सोडून स्वतःचा लावला. जानेवारी २०१८मध्ये फेसबुकने पेजेसपेक्षा मित्र-नातेवाइकांच्या पोस्टना पुढे ठेवायचं जाहीर केलं. मायस्पेस या जुन्या समाजमाध्यमाने २०१९मध्ये कबूल केलं, की सर्व्हर हलवताना त्याच्या पहिल्या बारा वर्षांतलं संगीत गेलं. ट्विटर ऑक्टोबर २०२२मध्ये विकलं गेलं आणि डिसेंबरात तिथे मॅस्टोडॉन, इन्स्टाग्राम वगैरे इतर मंचांच्या दुव्यांवर बंदी आली. ती लगेच मागे घेतली गेली, पण इशारा पुरेसा होता.

परतीची पद्धत मात्र आधीच ठरलेली होती. २०११मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडला स्वतःच्या संकेतस्थळाचा आग्रह धरणाऱ्यांचा पहिला मेळावा, इंडीवेबकॅम्प, भरला. त्या मंडळींनी रुजवलेला नियम असा: मजकूर आधी स्वतःच्या संकेतस्थळावर, मग त्याच्या प्रती इतरत्र, प्रत्येक प्रतीत मूळ दुवा. खर्चाचा अडसरही कमी झाला. लेट्स एन्क्रिप्ट या सेवेने २०१५च्या अखेरीस संकेतस्थळांची सुरक्षा प्रमाणपत्रं सर्वांना फुकट दिली, गिटहब पेजेससारख्या सेवांवर साधी पानं विनामूल्य ठेवता येतात. उरतो तो डोमेनचा खर्च, वर्षाला साधारण हजार-दीड हजार रुपये.

२०२४च्या जूनमध्ये फेसबुक-इन्स्टाग्रामची मालक मेटा लोकांच्या पोस्ट एआयच्या प्रशिक्षणाला वापरणार म्हणून चित्रकार मोठ्या संख्येने कारा या नव्या अ‍ॅपवर गेले. राग रास्त होता, पण एका मंचावरून दुसऱ्या मंचावर गेल्याने पत्त्याचा प्रश्न सुटत नाही. स्वतःच्या संकेतस्थळानेही एआयचे बॉट थांबतात असं नाही. बॉटनी काय उचलू नये ते सांगणारी संकेतस्थळावरची रोबॉट्स फाइल ही विनंती असते, कुलूप नव्हे.

प्रत्यक्ष स्थलांतरात सर्वाधिक नुकसान होतं ते डोमेन डिझायनरच्या किंवा ओळखीच्या माणसाच्या खात्यावर नोंदवल्यामुळे. नोंदणी स्वतःच्या नावावर हवी आणि तिथे दिलेला ईमेल त्याच डोमेनवरचा नको. डोमेन बंद पडलं की नूतनीकरणाची सूचनाही पोचत नाही. डॉट कॉमची मुदत संपल्यावर सवलतीचे दिवस गेले, की ३० दिवसांचा सोडवणुकीचा काळ असतो. त्यात शुल्क नेहमीच्या कित्येक पट लागतं. तोही गेला तर नाव कुणीही घेऊ शकतं.

जुनं काम उतरवताना मराठी निर्मात्याला हमखास दिसणारा घोटाळा म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामवरून उतरवलेल्या जेसन (JSON) या स्वरूपातल्या फाइलमधली देवनागरी. यूटीएफ-८ या युनिकोड साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. या फाइलमध्ये ते तीन बाइट तीन स्वतंत्र अक्षरं म्हणून लिहिलेले असतात आणि कविता युरोपीय खुणांचा ढिगारा बनते. मजकूर खराब झालेला नसतो: जेसन वाचल्यावर प्रत्येक मजकूर लॅटिन-१ या युरोपीय लिपीच्या संकेतपद्धतीत एन्कोड करून यूटीएफ-८ म्हणून डीकोड केला, की तो जसाच्या तसा परत येतो. चित्रांचं तसं नाही. मंचाकडून मिळते ती दाबलेली प्रत, म्हणून मूळ फाइल स्वतःच्या डिस्कवर शोधावी.

वर्डप्रेस या संकेतस्थळ चालवायच्या सॉफ्टवेअरवर दुसरा सापळा दुव्याचा. शीर्षकावरून आपोआप बनणारा दुवा २०० अक्षरांत बसवला जातो आणि त्यात देवनागरीचं एकेक चिन्ह टक्क्यांच्या खुणांसह नऊ अक्षरं खातं. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं. त्यामुळे 'कोकणातल्या कातळशिल्पांचा अभ्यास' या शीर्षकाचा दुवा 'कोकणातल्या-कातळशिल्पांच' इथेच तुटतो. शिवाय तो व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवला तर अनेकदा टक्क्यांची लांबलचक ओळ दिसते. लेख प्रसिद्ध करण्यापूर्वीच छोटा रोमन दुवा हाताने लिहावा.

आरएसएसची फीड, म्हणजे रीडरला नवे लेख पुरवणारी फाइल, वर्डप्रेस आपोआप तयार करतं, मूळ सेटिंगमध्ये शेवटचे दहा लेख देतं. त्यात सारांशाऐवजी पूर्ण मजकूर ठेवावा. मात्र फीड ठाऊक नसलेले वाचक जास्त, म्हणून ईमेलची यादी लागतेच. ती सीएसव्ही या साध्या तक्त्याच्या स्वरूपात उतरवता येईल अशीच सेवा निवडावी. फेब्रुवारी २०२४पासून जीमेल आणि याहूचे नियम कडक झाले आहेत: डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदींमध्ये, पत्र खरंच त्या डोमेनचं आहे हे पटवणारी एसपीएफ किंवा डीकेआयएम ही नोंद सर्वांना, घाऊक पाठवणाऱ्यांना या दोन्ही आणि डीमार्कही. जीमेलसाठी घाऊक म्हणजे दिवसाला पाच हजार ईमेलच्या पुढे. स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या आत हव्यात. म्हणून जुन्या ओळखीच्या सगळ्यांचे पत्ते यादीत परस्पर घालू नयेत. न विचारता आलेलं पत्र लोक स्पॅममध्ये ढकलतात आणि मग ज्यांना हवं त्यांनाही ते मिळत नाही.

खातं काढायचं ते सर्वांत शेवटी. नवा पत्ता बायोमध्ये आणि वर टाचलेल्या पोस्टमध्ये काही महिने राहू द्यावा, कारण अनुयायांना तो एकाच वेळी दिसत नाही. इन्स्टाग्रामवर खातं काढायची विनंती केल्यावर ३० दिवसांपर्यंत माघार घेता येते. नाव बऱ्यापैकी प्रसिद्ध असेल, तर खातं न काढता रिकामं करून ठेवणं बरं. त्यामुळे निदान ते नाव तोतयाच्या हाती लागत नाही.